ओठ दाबलेल्या महालक्ष्म्या

१८ ऑगस्ट. हिरव्या बांगड्यांची खोकी माळ्यावरून उतरवायची आहेत. महालक्ष्म्या जवळ आल्या की गावात हिरव्या बांगडीशिवाय दुसरं काही खपत नाही, आणि खोकी आहेत मागच्या खोलीच्या माळ्यावर. तिथे चढायला शिडी लागते आणि शिडी धरायला माणूस. माणूस चहा प्यायला गेला आहे. तोवर हे लिहून टाकते.

कारण असं, की शाळेतल्या चित्रकलेच्या बाई परवा दुकानात आल्या होत्या. मुलांच्या हस्तलिखितासाठी त्यांना माझ्याकडून मजकूर हवा आहे. विषय, कलावंत माणूस रोजच्या जगण्यात आपली कला कशी जोपासतो. मी म्हटलं, मी बांगड्या विकते. त्या म्हणाल्या, पण तुम्ही पेंटरकाकांच्या घरात इतकी वर्षं दुकान चालवलंत, त्यांना जवळून पाहिलंत. ते खरं आहे. जवळून म्हणजे एका भिंतीच्या अंतरावरून.

काका माझे घरमालक. रस्त्याकडची खोली माझं दुकान, त्यामागची त्यांची रंगाची, आणि त्याही मागे स्वयंपाकघर आणि काकू. रंगाच्या खोलीत जायचा रस्ता माझ्या दुकानातून होता. त्यामुळे काका केव्हा गेले, केव्हा आले आणि येताना त्यांचं तोंड कसं होतं, हे मला काकूंच्या आधी कळायचं. काका आता नाहीत. खोलीत माझा माल असतो. फरशीवरचे रंगाचे डाग मी बरेच घासले, निघत नाहीत.

पाट्या फ्लेक्सवर गेल्या त्याच्या आधी गावातल्या दुकानांची बहुतेक अक्षरं काकांच्या हातची होती. पण त्यांचं खरं काम महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचं. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. भाद्रपदात दोन बहिणी तीन दिवस माहेरी येतात, थोरली आणि धाकटी. अंगावर नवी साडी आणि तोंडाच्या जागी मुखवटा. मुखवटे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात, रंग उडाला की ते रंगवून घ्यायचे. आधी कातडीचा रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे, भुवया, ओठ. या शेवटच्या कामाला आखणी म्हणतात. रंग कोणीही देतं. आखणीसाठी लोक चिखली, मेहकर, देऊळगाव राजापासून काकांकडे येत.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. आम्ही बौद्ध. पण बांगड्यांना त्याचं काही नसतं, आणि काकांनाही नव्हतं. दुकान भाड्याने मागायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "सकाळी गप्पा मारतं काय तू?" मी नाही म्हटलं. त्यांनी किल्ली दिली.

रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून काका एस्टी स्टँडवर जात. नव्या माणसाला वाटे, बाहेरगावी निघाले. ते कधीच कुठे जात नसत. वेळापत्रकाच्या पाटीखालच्या बाकावर बसत आणि गाडीतून उतरणाऱ्या बायांचे चेहरे पाहत. ऊन बाकावर आलं की उठून घरी. इतकी वर्षं त्या पाटीखाली बसून त्यांना एकाही गाडीची वेळ माहीत नव्हती. कोणी विचारलं तर म्हणत, "येईन ना. येतेच थे."

सोबत कागद-पेन्सिल नेत नसत. मी एकदा कारण विचारलं. "कागद काढला का बाई तोंड ठीक करते," ते म्हणाले. "मले ठीक केलेलं नाही पाह्यजे. मले बेठीक पाह्यजे."

आधीच्या चित्रकलेच्या बाईंनी एकदा मुलांना त्यांची खोली दाखवायला आणलं होतं. एका मुलीने वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचला, "काका, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?"

"स्टँडवरून."

"म्हणजे?"

"म्हंजे स्टँडवरून. चिखलीची गाडी लागली का बाया उतरतेत. पाह्याचं."

बाईंनी मुलांना उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. निसर्गातून.

स्टँडवरून परत आल्यावर हातून काहीतरी उतरेपर्यंत काका कोणाशी बोलत नसत आणि कोणी बोललेलं ऐकत नसत. डोक्यात भरून आणलेलं बोलल्याने सांडतं, असं त्यांचं मत. काकूंना हे मत मान्य नव्हतं. त्या दारात उभ्या राहून मला म्हणत, "त्याईले सांगजो वं, सिलिंडर संपलं." मी सांगायची नाही. दुपारी ते बाहेर आले की सांगायची. तोवर काकूंनी माझ्याच दुकानातल्या स्टोव्हवर वरण चढवलेलं असायचं.

खोलीत गेल्यावर पहिला चेहरा ते चांगल्या मुखवट्यावर काढत नसत. एक फुटका मुखवटा त्यासाठी ठेवलेला होता. त्यावर घाईघाईने डोळे काढायचे, ओढून ओठ काढायचे, आणि फडक्याने पुसून टाकायचे. मग खऱ्या कामाला हात. मला ते रंगाचं नुकसान वाटे. तसं मी बोलले.

"नळ आला का पयलं पाणी भरतं काय तू?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे नळ कितीतरी दिवसांनी येतो आणि पहिलं पाणी चहासारखं असतं. मी म्हटलं, "नाही. सोडून देते."

"मंग?"

एवढंच.

स्तुती त्यांना चालत नसे. आखणी झालेला मुखवटा माझ्यापुढे धरून विचारत, "कशी वाटते?" मी म्हणायची, चांगली आहे. की मुखवटा परत खोलीत. "चांगली म्हंजे मेली." त्यांना हवं असायचं एकच वाक्य, की हिला कुठेतरी पाहिलंय. एकदा काकूंनी धाकट्या महालक्ष्मीकडे पाहून म्हटलं, "ही तर माह्या मामेबहिणीवानी दिसते, मेली, पैसे बुडवून गेलेली." त्या दिवशी काकांनी जिलेबी आणली.

आणि सुचत नसलं की ते भांडी घासत. सांगायचं असं काही नव्हतं त्यात, गुपचूप मोरीपाशी बसायचे आणि राखेने घासायचे. त्यामुळे काकांचं काम कसं चाललंय हे आम्हाला विचारावं लागत नसे. मांडणीवरचे डबे मळकट असले की समजायचं, काम जोरात आहे. तांब्यात तोंड दिसायला लागलं की काहीतरी अडलंय. सणावाराच्या आदल्या दिवशी काकू उघड म्हणत, "आज याईले काही सुचू नये, मायबाई. भांड्याचा ढीग पडला हाय."

सर्वांत जास्त भांडी घासली गेली ते वर्ष मला सांगायचंय.

त्या वर्षी श्रावणात स्टँडवर नवे साहेब आले. आल्या आठवड्यातच त्यांच्याकडे एका मुलीच्या वडिलांची तक्रार गेली, की एक म्हातारा रोज बाकावर बसून बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघतो. साहेबांनी काकांना शांतपणे विचारलं. मी त्या वेळी चिखलीहून माल घेऊन उतरले होते, सगळं समोर पाहिलं.

"काका, तुम्ही त्या मुलीकडे बघत होता?"

"हाव."

"कशाला?"

"नाक चांगलं होतं."

यानंतर साहेबांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. वडिलांची चूक नव्हती. मी त्या मुलीची आई असते तर मीही तक्रार केली असती. अनोळखी माणूस आपल्या पोरीच्या नाकाचं काय करणार आहे, हे आईबापाला कसं कळावं?

काका घरी आले आणि मोरीपाशी बसले. पहिल्या दिवशी घरातली भांडी झाली. मग त्यांनी काकूंच्या लग्नातली काढली. मग माझा डबा धुतला, मग शेजारच्यांची समई. खोलीत मुखवटे ओळीने मांडलेले होते, कातडीचा रंग देऊन तयार, बिनडोळ्यांचे. सण पंधरवड्यावर आला होता. काका फुटक्या मुखवट्यावर डोळे काढत, पुसत, आणि पुसल्यावर थांबत. पुढे जात नसत.

काकू त्या खोलीत झाडू मारायला जाईनात. म्हणाल्या, "डोळे नाही तरी सगळ्याजणी माह्यावरच नजर ठेवून हायेत."

उपाय काकूंनीही केले. टीव्हीवरची मालिका लावून काकांना समोर बसवलं. काकांनी एक भाग पूर्ण पाहिला आणि म्हणाले, "ह्या सगळ्या एकाच पार्लरातल्या हायेत." मग काकूंनी देवीची कॅलेंडरं आणली. काकांनी ती उलटी करून भिंतीला टेकवली. दुसऱ्याने पाहिलेलं आपल्या काय कामाचं, म्हणाले.

मग पुण्याहून मुलाचा फोन आला. मुलगा तिकडे नोकरीला, फ्लॅट घेतलेला, आईवडिलांसाठी एक खोली राखून ठेवलेली. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. बाबा, आता पुरे. यंदा आखण्या झाल्या नाहीत तर ज्याचे मुखवटे त्याला परत द्या, घर काढून टाकू आणि दसऱ्याच्या आत इकडे या. काका "हाव" म्हणाले आणि फोन काकूंकडे देऊन कढई घासायला गेले.

मला हे काकूंकडून कळलं.

"आणि माझं दुकान?" मी विचारलं.

"दुकान घरासंगंच जाईन ना वं," काकू म्हणाल्या. त्यांचेही डोळे जागेवर नव्हते. पुण्याला त्यांचं कोणी नव्हतं. मुलगा होता, पण तो दिवसभर बाहेर.

तेव्हा पुढे मी जे केलं ते कलेसाठी केलं, असं हस्तलिखितात कोणी छापू नये. मोक्याच्या जागेवरचं चालतं दुकान होतं. बायांना ती पायरी पाठ झाली होती. दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून मांडायची माझी तयारी नव्हती.

मी काकांना म्हटलं, "बायांचेच चेहरे पाहिजेत ना? माझ्या दुकानात दिवसभर दुसरं काय येतं? इथे बसा."

"इथंबी तक्रार होईन."

"नुसतं बसाल तर होईल. काम करत बसा. मी माप सांगेन, तुम्ही बांगड्या काढून द्यायच्या."

तसे ते बसले. कामाला अगदी नालायक. अडीचचं माप मागितलं की सव्वादोनचं देत, लाल मागितली की जांभळी. पण हाताला काम असलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. पहिल्या दिवशी एकीने तेवढं विचारलं, "ह्या बुवाले काऊन बसवलं वं इथं?"

"माल काढून देतात."

"मंग माह्या तोंडात माल हाय काय? तिकडं पाह्य म्हणा डब्यात."

बाकीच्या हसल्या, आणि विषय संपला. बांगड्या भरायच्या गर्दीत कोणाला वेळ असतो?

चौथ्या की पाचव्या दिवशी काका दुपारीच उठले, एक शब्द न बोलता आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत मोरीवरून आवाज आला नाही. काकू दुकानात येऊन माझ्याजवळ बसल्या. त्या आठवड्यात काका सकाळी दुकानात बसत आणि दुपारनंतर आखणी करत, आणि डबे हळूहळू मळकट होत गेले.

सगळे मुखवटे झाले तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. मी दारातच थांबले.

सुंदर होते. ते मला कळतं, मी रोज सुंदर दिसायला आलेल्या बायाच पाहते. पण सगळ्यांचा चेहरा एकच होता. भुवया मध्याकडे किंचित आवळलेल्या, खालचा ओठ दाताखाली घेतलेला, डोळे वर आणि थोडे बाजूला. हा चेहरा मी कुठेतरी पाहिलाय असं मला वाटलं, आणि कुठे ते कळायला वेळ लागला नाही.

बाई बांगड्या भरायला बसली की खाली पाहते. स्वतःच्या हाताकडे, बांगडीच्या रंगाकडे, शेजारणीच्या हाताकडे. वर पाहत नाही. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकते आणि मी हात दाबून ती पलीकडे सरकवते, तेवढा एक क्षण ती ओठ दाबून वर पाहते. मग बांगडी मनगटावर येते, बाई हसते आणि पुन्हा खाली बघते. मी माल विकत होते आणि काका समोर बसून तेवढाच क्षण गोळा करत होते.

"काका, या सगळ्या बांगड्या भरून राहिल्यात," मी म्हटलं.

"हाव. मंग?"

"लोक म्हणतील, देवीला दुखतंय."

"तू भरतं तवा दुखते का नाही?"

"दुखतं."

"मंग झालं."

"स्टँडवर असले चेहरे नसायचे."

"स्टँड बंद हाय," काका म्हणाले. "जे दिसलं थे काढलं. न दिसलेलं कुठून आणू?" मग म्हणाले, "देऊळघाटचा जोड पाहू काय होते. थो वापस आला तं जातो पोराकडं. कुंचले तुले घे, बांगड्या झटकाले."

देऊळघाटचा जोड म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात जुना. मोठं शेतीवाडीचं घर, आणि त्या घरच्या आजी कडक. त्यांच्या मुखवट्यांची आखणी काकांच्या वडिलांपासून या घरात होत आलेली. आजींनी मान हलवली की बाकीचे लोक निमूट नेत.

दोन दिवसांनी आजी आल्या, सोबत सून. जीपमध्ये अंग मोडलं म्हणून आधी पाणी मागितलं. मग काकांनी फडक्यात बांधलेला जोड माझ्या काउंटरवर ठेवला, कारण आतल्या खोलीत उजेड कमी. आजींनी गाठ सोडली.

थोरली पाहिली, धाकटी पाहिली. मग धाकटीला बोट लावून म्हणाल्या, "हिले काय झालं?"

काका बांगड्यांचा स्टँड पुसत होते.

"अन् थोरलीलेबी थेच. दोघीईले दुखून राह्यलं काय?"

"दाढ दुखल्यावानी दिसते, आई," सून म्हणाली.

"तू चूप राह्य. पेंटर, तुह्या बापानं माह्या सासूच्या येळेपासून ह्या आखल्या. हासऱ्या होत्या."

"होत्या," काका म्हणाले.

याहून जास्त ते बोलणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. ते फडक्याने हात पुसत राहिले. हाताला रंग नव्हता. आतल्या दारात काकू उभ्या होत्या, पदर तोंडात धरून.

मी धाकटीचा मुखवटा उचलला आणि रस्त्याच्या उजेडाकडे धरला. आजी माझ्या हाताकडे बघत होत्या की मुखवट्याकडे, हे मी ठरवत बसले नाही.

"आजी, दुखत नाही. बांगड्या भरून राहिली ती," मी म्हटलं. "तीन दिवस माहेरी येते ना? लेक माहेरी आली की आधी काय करता? बांगड्या भरता. तशी बसलीय. शेवटची बांगडी अंगठ्यावर आलीय."

हे मी त्याच वेळी रचलं. दुकानदाराला रचावं लागतं.

"तुह्या घरी बसतेत काय महालक्ष्म्या?" आजींनी विचारलं.

"नाही. आम्ही बौद्ध."

"मंग तुले काय माहीत?"

"महालक्ष्म्यांचं नाही माहीत. बांगडी भरताना बाई कशी दिसते ते माहीत आहे. रोजचं तेच तर काम आहे माझं."

आजींनी थोडा विचार केला. मग सुनेला कोपराने ढकललं. "बस. भर हिच्या हातात. पाहू दे मले."

सून बसली. मी काकांना माप सांगितलं. काकांनी सवयीप्रमाणे एक माप लहान काढून दिलं. मी बदलून घेतलं नाही.

हात मऊ होता, पहिल्या बांगड्या सरळ गेल्या. सून खाली रंग बघत होती. शेवटची अंगठ्याच्या हाडावर थांबली. मी तिचा हात दाबून गोळा केला आणि ढकलली. सुनेने खालचा ओठ दाताखाली घेतला, भुवया आवळल्या आणि वर बघितलं. आजींनी तोवर मुखवटा तिच्या गालाशेजारी आणून धरलेला होता.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

"अशी दिसतं तू?" आजी सुनेला म्हणाल्या.

"मले काय माहीत? म्या थोडीच पाह्यलं मले."

"म्याबी नाही पाह्यलं," आजी म्हणाल्या. "इतके वर्सं घरात हायेस." मग मुखवटा फडक्यावर ठेवला, त्याच्या कपाळावरची धूळ पदराने टिपली आणि काकांकडे वळल्या. "बांध. अन् तू वं, दोघीईच्या मापाच्या हिरव्या दे. हातात दिसल्या नाही तं लोकं इचारतीन, तोंड असं काऊन म्हणून."

महालक्ष्म्यांचे हात कापडाचे, कापूस भरलेले. त्यांचं माप मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सगळ्यात मोठ्या काढून दिल्या.

देऊळघाटने नेल्याचं कळल्यावर बाकीच्यांनी नेले. काहींना आवडले, काहींनी दोनदा बघून नेले, आणि जवळजवळ सगळ्यांनी सोबत बांगड्या नेल्या. एक जोड मात्र परत आला. त्या घरच्या माणसाने सरळ सांगितलं, आम्हाला हसरी पाहिजे. काकांनी तिथल्या तिथे पुसून हसरी करून दिली, कॅलेंडरावर असते तशी, आणि देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

काकूंनी पुण्याला फोन करून सांगितलं, आखण्या झाल्या, सगळे जोड गेले. मुलगा म्हणाला, बरं, मग नवरात्र झाल्यावर बोलू. मला वाटलं, निभावलं.

सण उरकला त्या संध्याकाळी मी दुकान आवरत असताना काका येऊन उभे राहिले.

"बाई, उद्यापासून मी बसत नाही इथं."

"का? कोणी काही बोललं?"

"नाही. तुह्या दुकानातला चेहरा झाला."

"म्हणजे?"

"एकच हाय थो. काढला. आता नवरात्राच्या देव्या आल्या खोलीत आखणीले, त्याईले कोणता देऊ? ओठ दाबून राक्षस मारन काय थे?"

काका आत गेले. म्हणणं बरोबर होतं. मागे स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, आणि मग राखेचा डबा उघडल्याचा आवाज. काकू आतून माझ्याकडे बघत होत्या. नवरात्र झाल्यावर बोलू, हे मुलाचं वाक्य आम्हा दोघींनाही आठवत होतं.

रात्री पोळ्या लाटताना मी विचार केला तो असा. बाई दिवसभर खाली बघत असते. चुलीकडे, पोराकडे, पिठाच्या चाळणीकडे. ती मान वर करून समोरच्याकडे बघेल, निरनिराळ्या तऱ्हांनी बघेल, आणि समोरच्या परक्या माणसाने उलट बघितलं तरी कोणी हरकत घेणार नाही, अशी जागा गावात कोणती?

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. सकाळी काका अंघोळ करून, सदरा घालून मोरीकडे निघाले, तेव्हा मी त्यांच्या हातात माझी भाजीची पिशवी दिली.

"माझ्या घरची भाजी आणा. आणि काकूंचीही."

"मले भाजी कळत नाही."

"कळायची गरज नाही. खाली बसलेल्या बायांकडे जायचं. आठवडाभराची भाजी आहे, पटकन घ्यायची नाही. भाव करायचा. भाव करणाऱ्या माणसाने तोंडाकडे कितीही वेळ बघितलं तरी चालतं. त्यासुद्धा तुमच्याकडेच बघत असतात."

काका पिशवीकडे बघत राहिले. "भाव कसा करतेत?"

"त्या सांगतील त्याला नाही म्हणायचं."

"अन् मंग?"

"मग त्या बोलतील. ऐकायचं. परत नाही म्हणायचं."

ते गेले. काकू म्हणाल्या, "लुटून घेतीन वं त्याईले." मी म्हटलं, "घेऊ द्या."

ऊन चढल्यावर ते आले. सदऱ्यावर कोथिंबिरीची माती, कानाशी घाम, आणि माझ्याकडे न बघता, काकूंकडे न बघता, दुकानातून सरळ खोलीत गेले. जाताना पिशवी काउंटरवर ठेवली. काकूंनी ती उघडून पाहिली. आत एक दोडका होता. तोही जून.

"एवढ्या येळात एक दोडका?" काकू मोठ्याने म्हणाल्या.

मी त्यांना हाताने गप्प केलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तीच पिशवी घेतली आणि दोन्ही घरांची भाजी आणायला बाजारात गेले.